शिरखुर्मा कुणी खाल्ला?

सोलापूरहून एका शिक्षिकेनं लिहिलं आहे. स्टाफरूममध्ये तोंडी तलाकचा विषय निघाला आणि बोलण्याच्या भरात त्या म्हणाल्या, ‘तुमच्या धर्मात बाईला किंमतच नाही.’ शेजारी बसलेल्या मैत्रिणीला (तिला आपण रेहाना म्हणू) ते फार लागलं. ‘तुझ्या मनात आमच्याविषयी अढी आहे,’ एवढंच ती बोलली आणि दुसऱ्या दिवसापासून डबा घेऊन दुसऱ्या टेबलावर बसायला लागली. पत्र लिहिणाऱ्या ताई स्वतः देवधर्म मानत नाहीत. वटपौर्णिमा, सोवळंओवळं, बुवाबाजी यांवरही त्या तितक्याच परखडपणे बोलतात. त्या विचारतात, ‘धर्मावर टीका केली म्हणजे त्या धर्माच्या माणसांचा द्वेष केला, असं होतं का? मी माफी का मागायची?’

ताई, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. नाही, तसं होत नाही. धर्म माणसांच्या जगण्याला नियम घालून देतो, त्या नियमांनी कुणाचा संसार मोडत असेल तर त्यावर बोलायलाच हवं, आणि बोलणाऱ्याची जात-धर्म विचारायचं कारण नाही. तुम्ही ज्या विषयावर बोललात त्यावर हमीद दलवाई तुमच्या कितीतरी आधी आणि कितीतरी कडक बोलले होते. चिपळूणजवळच्या मिरजोळीचा हा माणूस. 18 एप्रिल 1966 रोजी त्यांनी मुंबईत सात मुस्लिम महिलांचा मोर्चा काढला. मागणी हीच होती, तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करा. सात बायका! त्या काळात घराबाहेर पडून त्या रस्त्यावरून चालल्या, हे आजही वाचताना माझा ऊर भरून येतो. 1970 मध्ये पुण्यात त्यांनी मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं, कडवा विरोध झेलला आणि 1977 मध्ये, वयाची पंचेचाळिशीही गाठली नव्हती तेव्हा, ते गेले. सर्वोच्च न्यायालयानं एका दमात दिलेला तिहेरी तलाक रद्द ठरवला तो ऑगस्ट 2017 मध्ये. याचिका करणाऱ्या शायरा बानो मुसलमानच होत्या. म्हणजे तुमच्या त्या एका वाक्यात या सगळ्या बायका बसतच नाहीत. पण ते असो. रागाच्या भरात माणूस असं सरसकट बोलून जातो. तेवढ्यासाठी मी तुम्हाला धारेवर धरलं नसतं.

मला तुमच्या पत्रातली दुसरीच ओळ खुपते आहे. मैत्री किती जुनी आहे हे सांगताना तुम्ही लिहिलंय, ‘दिवाळीचा फराळ मी तिला देते, माझ्या हातची चकली तिला फार आवडते. ईदला ती न चुकता शिरखुर्मा आणते (आमच्याकडे कुणी खात नाही, आमच्या कामवाल्या मावशी घेऊन जातात).’ आणि लगेच पुढच्या वाक्यात तुम्ही तलाककडे वळलात.

किती वर्षं आणते आहे ती? तुम्ही एकत्र नोकरीला लागून बारा-चौदा वर्षं झाली, असं तुम्हीच म्हणता.

शिरखुर्म्यात काय असतं, सांगते. दूध आटवायचं. बारीक शेवया तुपावर परतायच्या. खारीक आदल्या रात्री भिजत घालून तिचे पातळ काप करायचे. चारोळी भिजवायची आणि एकेका दाण्याचं साल बोटांनी चोळून काढायचं. या चारोळीपायी बाईची अख्खी संध्याकाळ जाते. महिनाभर रोजे धरून, शाळा सांभाळून रेहाना हे करते आणि त्यातला तुमचा वाटा वेगळा काढून ठेवते. यात मांस नाही, मासा नाही, अंडंही नाही. आपल्या शेवयांच्या खिरीची ही सख्खी बहीण. मग तुमच्या घरी तो कुणी का खात नाही? देव तुम्ही मानत नाही, सोवळं तुम्ही मोडीत काढलंत. आणि जे तुमच्या तोंडाला चालत नाही ते मावशींना कसं चालतं, यावरही एकदा विचार करा.

डबा परत देताना तुम्ही तिला काय सांगत होतात, हे पत्रात नाही. ‘छान झाला होता’ असंच काहीतरी सांगितलं असणार. ताई, रांधणाऱ्या बाईला कळतं हो. जो खातो तो कधीतरी म्हणतो, या वेळी गोड जरा जास्त झालं, कधीतरी विचारतो, केशर कुठून आणलंस. इतक्या वर्षांत तुम्ही एकदाही असं काही बोलला नसाल, तर रेहानाला खूप आधीच समजलं असेल. स्टाफरूममध्ये ती ‘अढी’ म्हणाली, ती तुमच्या तलाकवरच्या एका वाक्यावरून म्हणाली असं मला वाटत नाही.

पैठणच्या नाथांचं हिंदू-तुर्क संवाद नावाचं भारूड आहे. त्यात दोघं एकमेकांच्या देवांची, शास्त्रांची, चालीरीतींची यथेच्छ उणीदुणी काढतात आणि शेवटी एकमेकांना आलिंगन देतात. याच नाथांची गोष्ट आपल्याकडे घरोघर सांगतात की, अस्पृश्य मानलेल्या भक्ताच्या घरी ते जेवायला गेले आणि त्यापायी गावाचा रोष ओढवून घेतला. असं ताट ज्यानं जवळ केलं, त्यानं समोरच्याच्या धर्माला चार शब्द सुनावले तर ते ऐकून घेतले जातात. तुमचं उलटं झालंय. तिचं अन्न तुम्ही बाजूला सारलंत आणि तिच्या धर्मावर तिला चार शब्द सुनावलेत.

तुम्ही म्हणाल, मला काही वाटत नाही हो, घरच्यांचं आहे. सासूबाई असतील, नवरा असेल. चालेल, त्यांनी नाही खाल्लं तर नाही. तुमचा हात कुणी धरला होता?

म्हणून आता एकच करा. या रविवारी तिच्या घरी जा. फोनवर उरकू नका, आणि स्टाफरूममध्ये चार जणांसमोर तर मुळीच नको. तिला सांगा, ‘तुझा शिरखुर्मा मी इतकी वर्षं खाल्ला नाही, मावशींना देत आले आणि तुला खोटं सांगत आले.’ घरच्यांचं नाव मध्ये आणू नका. ती रागावेल, कदाचित रडेल, कदाचित दारातूनच परत पाठवेल. तो तिचा हक्क आहे. आत घेतलं आणि पुढ्यात काही ठेवलं, तर तिथंच बसून खा.

तलाकबद्दल माफी मागू नका. त्या विषयावर तुमचं मत आहे, ते राहू द्या, पण त्या दिवशी तो विषय तुमच्याकडून निघता कामा नये. तिनं स्वतःहून काढला तर मध्ये न बोलता ऐका. तिच्या माहेरी, तिच्या नात्यात याचे चटके कुणाला बसलेत, ती स्वतः यावर काय म्हणते, हे इतक्या वर्षांत तुम्ही तिला कधी विचारलं असेल असं तुमच्या पत्रावरून तरी दिसत नाही.