कोंबडी लंगडतेय? आधी तळपाय बघा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, आमच्याकडे परसात पाच गिरिराजा आणि एक कडकनाथ आहे. पाऊस सुरू झाल्यापासून एक मोठी गिरिराजा कोंबडी पाय उचलून धरते, तळव्याला मधोमध काळी गाठ आलीय आणि आजूबाजूला सुजलंय. शेजारचे दादा म्हणतात आत खडा आहे, ब्लेडने कापून काढ. काढू का? (संगमेश्वर)

उत्तर : नका काढू, ब्लेड अजिबात हातात घेऊ नका. आत खडा वगैरे काही नसतो. याला बंबलफूट म्हणतात. पायाच्या गादीला कुठेतरी बारीकसं खरचटतं, तिथून जंतू आत जातात, बहुतेक वेळा स्टॅफिलोकोकस नावाचे, आणि वर काळी खपली धरते. पक्ष्यांचा पू आपल्यासारखा पातळ राहत नाही, तो आत घट्ट होऊन त्याचा गोळा बनतो, त्यामुळे दाबून काही बाहेर येत नाही, उलट दाबलं की जंतू अजून आत सरकतात. आणि कापायला गेलात तर रक्त खूप येतं, शिवाय खाली नस आणि हाड लगेच लागतं.

सूज फक्त गादीपुरती असेल, कोंबडी खातपीत असेल तर घरी असं करा. संध्याकाळी ती शांत झाली की जुन्या टॉवेलात गुंडाळून मांडीवर घ्या, डोळे झाकले की बरीच गप्प बसते. छातीवर मात्र दाब नको, कोंबडीला आपल्यासारखा पोटाचा पडदा नसतो, छातीचं हाड हललं तरच श्वास घेता येतो, घट्ट आवळून धरली तर गुदमरते. तंगड्या धरून उलटी लटकवायची तर नाहीच नाही. मग टबमध्ये कोमट पाणी, त्यात मेडिकलमधून आणलेलं एप्सम सॉल्ट, नसेल तर साधं मीठ, आणि पाय दहा-पंधरा मिनिटं भिजू द्या. साबणाने धुवा, नीट कोरडा करा, पाण्यात फिक्या चहाच्या रंगाइतकं पोविडोन आयोडीन टाकून त्याने पुसा. खपली मऊ होऊन आपणहून सुटली तर ठीक, ओढायची नाही. वर आयोडीनचंच मलम, गॉज, आणि बोटांच्या मधून फिरवून पट्टी. बोटं सुजली किंवा गार लागली तर पट्टी घट्ट झालीय, लगेच सोडा. पट्टी रोज बदलायची आणि ओली झाली तर तेव्हाच. घरातलं बधिर करणारं मलम लावू नका, त्यातल्या औषधाचा डोस छोट्या पक्ष्याला सहज जास्त होतो. हातात ग्लोव्हज हवेतच, हे जंतू माणसाच्या जखमेतही जातात.

सूज वर पायाच्या नळीकडे चढली, पाय गरम लागतोय, खाणं सोडलंय किंवा आठवड्याभरात काहीच फरक नाही, तर पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. कापायचं झालं तर ते डॉक्टरांनी, बधिर करून. माणसांच्या उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्या पाण्यात टाकून देऊ नका. डॉक्टरांनी दिलं तर अंडी किती दिवस खायची नाहीत हे त्यांना तिथेच विचारून घ्या.

आता मला खरं जे सांगायचंय ते खुराड्याबद्दल आहे, कारण पाय बरा करून कोंबडी परत त्याच जमिनीवर सोडली तर महिन्याभरात तीच गाठ परत दिसणार. गिरिराजा, वनराजा या वजनदार जाती, त्या उंच दांड्यावरून कोब्यावर नाहीतर जांभ्या चिऱ्यावर धपकन उतरतात आणि गादी सोलवटते, वर पावसात ओली विष्ठा, ओलं तूस, त्यात कातडी मऊ पडलेली. त्यामुळे दांडा दीड फुटाच्या आतच ठेवा, दीड-दोन इंच रुंद, कडा घासून गोल केलेल्या, आणि कुसळ निघालेला बांबू असेल तर बदला. खाली तीन-चार इंच सुकं तूस किंवा भुसा, रोज हलवायचा, ओला भाग तेवढा काढून टाकायचा. पाण्याचं भांडं विटेवर, सांडलं तर खाली गोळा होणार नाही असं. ओल्या जमिनीवर ताजा चुना टाकून लगेच कोंबड्या सोडतात काहीजण, कृपा करून तसं करू नका, पाय भाजतात.

आणि तुमच्या कडकनाथचे पायही बघा. तिची कातडीच काळी, खपली डोळ्याला दिसतच नाही. दोन्ही तळवे अंगठ्याने चाचपायचे, एक जास्त गरम किंवा टणक लागला की समजायचं. रात्री दांड्यावर बसल्या असताना टॉर्च घेऊन आठवड्यातून एकदा सगळ्यांचे पाय बघितले तर ही दुखणी सुरुवातीलाच सापडतात.

प्रश्न : गावरान कोंबड्या आहेत. म्हाताऱ्या कोंबडीच्या पायावरचे खवले उभे राहिलेत, पांढरी भुकटी धरलीय, नळी जाड दिसते. आई रॉकेल लाव म्हणते. (भोर)

उत्तर : हे खवल्याखाली राहणाऱ्या बारीक किड्यांचं काम आहे, डोळ्याला दिसत नाहीत. आईंना सांगा, रॉकेल नको आणि गॅरेजमधलं जळकं ऑइल तर त्याहून नको, दोन्हींनी कातडी जळते आणि कोंबडी चोचीने ते पोटातही घेते. कोमट साबणाच्या पाण्यात पाय भिजवा, जुन्या मऊ टूथब्रशने खवल्यांच्या दिशेने हलकं घासा, कोरडं करून पेट्रोलियम जेली नाहीतर खोबरेल तेल खवल्यांच्या फटीत जाईल असं चोपडा, किडे त्यात गुदमरून मरतात. दोन-तीन दिवसांनी परत, असं निदान तीन आठवडे, कारण खवल्याखाली नवे किडे जन्मत राहतात. खवले उपटू नका, रक्त येतं. एकीला झालं म्हणजे सोबत बसणाऱ्या सगळ्यांना लावायचं आणि दांडे घासून उन्हात टाकायचे. पाय दिसायला लगेच चांगला होणार नाही, जुने खवले गळून नवे यायला महिने जातात. फारच वाढलं असेल तर आयव्हरमेक्टिन हे किड्यांवरचं औषध असतं पण ते डॉक्टरांना विचारून, अंदाजाने नाही.

प्रश्न : खुडूक कोंबडीखाली काढलेल्या पिल्लांपैकी दोघांची बोटं आत मुडपलीत, गुडघ्यावर चालल्यासारखी सरकतात. फक्त तांदळाची कणी घालतो. (सावंतवाडी)

उत्तर : कणीच बंद करा असं नाही म्हणत, पण नुसत्या कणीवर पिल्लू वाढत नाही. बोटं आत वळणं हे बऱ्याचदा बी-टू जीवनसत्त्व कमी पडल्याचं असतं. चिक स्टार्टर, म्हणजे लहान पिल्लांचं खाद्य, आणा, पाण्यातून पोल्ट्रीचं बी-कॉम्प्लेक्स पाकिटावर लिहिल्याप्रमाणे द्या, आणि आजच सुरू करा, नस कायमची खराब झाली की मग उपाय नाही. अंड्यावरच्या कोंबड्यांचं लेयर खाद्य पिल्लांना घालू नका, त्यातलं कॅल्शियम त्यांच्या किडनीला झेपत नाही. खाली वर्तमानपत्र असेल तर काढून गोणपाट घाला, गुळगुळीत कागदावर पिल्लांचे पाय फाकतात.

प्रश्न : चार महिन्यांची तलंग (अजून अंडी न घालणारी कोंबडी) अचानक बसली, एक पाय पुढे एक मागे. पायाला जखम काहीच नाही. (वाई)

उत्तर : हे पायाचं दुखणं नाही, नसेचं आहे. मरेक्स हा विषाणूचा रोग असू शकतो, त्यावर औषध नाही, लस पहिल्या दिवशीच हॅचरीत द्यावी लागते, पुढच्या वेळी पिल्लं घेताना विचारूनच घ्या. आत्ता तिला वेगळी ठेवा, पाणी तोंडाजवळ ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा, राणीखेत रोगातही पाय जातात. 1962 वर फोन केला तर फिरता पशुवैद्यकीय दवाखाना तुमच्या भागात येतो का कळेल. एकदम दोन-तीन मेल्या तर मात्र हात न लावता लगेच दवाखान्यात कळवा. आणि हो, फोन करायच्या आधी तिच्या बोटांभोवती गोणीचा धागा किंवा नायलॉन मांजा गुंडाळलेला नाही ना ते एकदा बघून घ्या, तो कातडीत रुतून दिसेनासा होतो, असेल तर बारीक कात्रीने कापून काढा आणि आयोडीन लावा.