मॅडम, माझ्यातली माया आटली का?

‘मी अशी नव्हते हो. आता घरच्यांचाच राग राग येतो.’ समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या बायका, अलीकडे पुरुषही, हे सारखं सांगतात. आपला स्वभावच बिघडलाय अशी त्यांची खात्री झालेली असते. त्यातल्याच एका बाईंबद्दल सांगते, ओळखीच्या खुणा बदलून.

विक्रोळीतली त्यांची इमारत पुनर्विकासाला गेली. बिल्डर आधी भाडं देत होता, मग बंद झालं. अकरा महिन्यांच्या करारावरची खोली, पाणी पहाटे जेमतेम तासभर, घरात थकलेल्या सासूबाई.

‘घरात शिरल्यावर आधी काय करता?’

‘पिंप बघते.’

‘आणि सासूबाईंकडे?’

बऱ्याच वेळाने त्या बोलल्या. ‘त्या अंघोळीला बसल्या की मी दाराबाहेर उभी राहून तांबे मोजते. सातवा ओतलेला ऐकला की डोकंच फिरतं. सांगायलाही लाज वाटते.’

मी त्यांना प्रेमाचे धडे दिले नाहीत. पाणी, झोप, डोक्यावरचं छप्पर यांचा भरवसा गेला की मन पहाऱ्याला बसतं, आणि पहाऱ्यावरच्याला समोरच्याचं दुखणं दिसत नाही. मानसशास्त्रज्ञ अब्राहम मॅस्लो यांनी १९४३ साली गरजांचा जो क्रम मांडला, आधी शरीराच्या आणि सुरक्षिततेच्या गरजा, मग प्रेमाच्या, त्याचा पुरावा मला रोज समोरच्या खुर्चीत मिळतो. २०१३ साली प्रसिद्ध झालेला तमिळनाडूतल्या ऊस उत्पादकांचा अभ्यासही मी आवर्जून सांगते: तेच शेतकरी तोडणीआधीच्या ओढाताणीत विचारशक्तीच्या चाचण्यांत मागे पडले, पैसे हाती आल्यावर सुधारले. माणसं तीच होती!

म्हणून आम्ही आधी व्यवहाराचं पाहिलं. दिरांनी भाड्याचा वाटा उचलला. नवरा पहाटे पाणी भरायला उठू लागला, बाईंना सलग झोप मिळाली. रहिवाशांनी एकत्र येऊन थकलेल्या भाड्यासाठी वकील गाठला.

मग एकदा त्या आल्या आणि बसायच्या आधीच म्हणाल्या, ‘काल सासूबाईंना मी न्हाऊ घातलं. खांद्याची हाडं केवढी वर आलीत त्यांची! रोज समोर असून मला दिसलंच नव्हतं.’

या वाक्यासाठी मी हे काम करते.

मात्र गरज भागली म्हणून भीती लगेच जात नाही. पिंप भरलेलं असूनही त्या कित्येक दिवस झाकण उघडून बघत होत्या. तेवढा वेळ द्यायला हवा. आणि तुमच्या घरात कुणी असं चिडत असेल, तर ‘समजून घे जरा’ म्हणण्याआधी त्या माणसाची झोप, पैसे आणि कामाचा बोजा यांची चौकशी करा. त्यातलं एक काम आजपासून तुमच्याकडे घ्या.