समजा, सरकारी महागाई ४-५ टक्के, पगारवाढ ६ टक्के. तरी महिनाअखेर हात रिकामा का?

कारण सरकारी आकडा सरासरी असतो, तुमच्या घरचा नाही. हा आकडा ज्यावरून काढतात त्या ग्राहक किंमत निर्देशांकात (२०१२च्या किमतींशी तुलना करणाऱ्या मालिकेत) खाण्यापिण्याचा वाटा ४५.८६ टक्के होता, तर शाळेची फी आणि औषधं मिळून फार थोडा. फी १० टक्क्यांनी वाढली की तुमचं गणित वेगळंच होतं. सहा महिन्यांची बिलं काढून स्वतःचा आकडा मांडा.

सर्वात मोठी गळती मात्र किराण्यात नसते, गृहकर्जात असते. महागाई आवरायला रिझर्व्ह बँक रेपो दर, म्हणजे बँकांना ती ज्या व्याजाने पैसे देते तो दर, वाढवते आणि कर्जाचं व्याजही वाढतं. मग बँक बहुधा हप्ता तोच ठेवून मुदत लांबवते, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. ३० लाख, २० वर्षं, ७ टक्के: हप्ता सुमारे २३,२५९ रुपये. दर सुरुवातीलाच ८.५ झाला आणि हप्ता तोच राहिला, तर २४० ऐवजी जवळपास ३४७ हप्ते! हप्ता २६,०३५ केला की मुदत २० वर्षांचीच राहते. बँकेत अर्ज देऊन वाढवून घ्या.

किराण्यात पाकिटाची किंमत बघू नका, प्रति ग्रॅम दर बघा; पुडा तेवढ्याच पैशांत हलका होत जातो. एप्रिल-मेमध्ये गहू, तूरडाळ भरायची जुनी पद्धत अजूनही परवडते. डाळीला कडक ऊन द्या, एरंडेल चोळा. ओल राहिली तर पावसाळ्यात कीड लागून सगळी बचत बोंबलते. साठवायला कांदा उन्हाळीच घ्या, खरिपाचा लाल टिकत नाही.