मीठ पाण्यात, तिखट तेलात: बिघडलेल्या स्वयंपाकाबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न: रविवारी आठ जणांसाठी मिसळ केली. दोन लिटर कटात चहाचे चार चमचे मीठ पुरलं असतं, पडले सहा. बटाटा टाकून उकळला, तरी खारटपणा हटला नाही. तिखटही जास्तच झालं होतं. अशा वेळी काय करावं? (पंचवटी)

उत्तर: बटाट्यावर विसंबून राहू नका. तो कट शोषतो, एकटं मीठ शोषत नाही. बटाटा बाहेर काढला की त्याच्याबरोबर थोडा कट जातो आणि उरलेला होता तितकाच खारट राहतो. मीठ कमी करायचा उपाय एकच: खारट कट काढा आणि बिनमिठाचा घाला.

पण त्याआधी वरची तर्री पळीने अलगद काढून वाटीत ठेवा. मीठ तेलात विरघळत नाही, ते सगळं खालच्या पाण्यात असतं. तिखटाचा जाळ आणि रंग मात्र तेलात उतरतो. त्यामुळे तर्री बाजूला काढली की दोन्ही दोष वेगवेगळे हाताळता येतात.

आता कटाचा एक तृतीयांश भाग, म्हणजे साधारण ६५० ते ७०० मिली, काढून घ्या. सहा चमच्यांतले दोन चमचे मीठ त्याबरोबर गेलं. त्या जागी नुसतं पाणी ओतलं तर कट पांचट होईल, म्हणून दोन मध्यम कांदे आणि पाव वाटी सुकं खोबरं चांगलं काळपट भाजून वाटा. एक पळी तेलात वाटण तेल सुटेपर्यंत परता, दीड चमचा काळा मसाला घाला, मग तेवढंच उकळतं पाणी. हे कटात मिसळून आठ-दहा मिनिटं उकळा. विकतचा मसाला असेल तर पाकिटावर घटक वाचा. कांदा-लसूण मसाल्यात बहुधा मीठ असतं आणि ‘मीठ दोनदा पडलं’ या तक्रारीचं मूळ पुष्कळदा तिथेच सापडतं.

शेवटी तर्री परत घालताना अर्धीच घाला, तिखटपणा लगेच उतरेल. उरलेली वेगळ्या वाटीत वाढा, ज्याला हवी तो घेईल. मटकी बिनमिठाची उकडून ठेवा. आपल्याकडे मिसळीबरोबर पापड असतोच आणि शेव-फरसाणही खारट, म्हणून कट चवीला थोडा अळणीच बरा. दही मीठ न घालता द्या. गूळ घालायचा सल्ला आम्ही देणार नाही. खारटपणा जरासा झाकला जातो, पण काळ्या मसाल्याची चव मरते. काढलेला कट फेकू नका. फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी बिनमिठाच्या आमटीत वापरा.

प्रश्न: होळीला अर्धा किलो डाळीचं पुरण सैल झालं, पोळ्या फुटल्या. शिवाय डाळीची कणी राहिली. (नाशिकरोड)

उत्तर: डाळ नीट निथळली नाही की पुरण सैल होतं, कारण गूळ विरघळून स्वतःचंही पाणी सोडतो. जाड बुडाच्या पसरट कढईत मध्यम आचेवर दहा-बारा मिनिटं सतत हलवत आटवा. उलथणं मधोमध उभं राहिलं की झालं. गरम पुरण नेहमी सैलच दिसतं, म्हणून चमचाभर ताटलीत काढून गार करा आणि गोळी वळते का ते पाहा. वळत नसेल तर पोह्याचे दोन चमचे बेसन कोरडंच खमंग भाजून मिसळा किंवा डाळ्याचं बारीक पीठ घाला. मैदा घालू नका, तो कच्चा लागतो आणि पुरण चिकट होतं.

कणीचं कारण वेगळं आहे. गूळ पडल्यावर डाळ जवळजवळ शिजत नाही, कितीही उकळा. म्हणून गुळाआधी डाळ दोन बोटांत दाबून पाहायची. आता राहिलीच असेल तर पुरण गरम असतानाच पुरणयंत्रातून दोनदा काढा. गार झालं की जाळी तुंबते. कणिक पुरणाइतकीच मऊ हवी. कणिक घट्ट आणि पुरण सैल असलं की लाटताना पोळी कडेला फुटणारच.

प्रश्न: डिसेंबरात इडलीचं पीठ रात्रभर ठेवूनही फुगलं नाही. (गंगापूर रोड)

उत्तर: पीठ वाईट नाही, गारठलंय. फुगायला साधारण ३० अंश ऊब लागते आणि नाशिकच्या थंडीत ओट्यावर ती मिळत नाही. पातेलं मोठ्या भांड्यातल्या कोमट पाण्यात, बोट सहज बुडवता येईल इतक्याच गरम, ठेवा आणि वरून घोंगडी गुंडाळा. पाणी तासाभराने बदला. दोन-तीन तासांत बुडबुडे दिसतील. कढत पाणी घेतलं तर कडेचं पीठ शिजतं आणि आंबवणारे जिवाणूही मरतात.

तेवढा वेळ नसेल तर तीन वाट्या पिठात दोन चमचे आंबट दही घाला. कुकरमधलं पाणी उकळल्यावरच चहाचा एक सपाट चमचा फ्रूट सॉल्ट घाला, हलक्या हाताने ढवळा आणि लगेच साचे भरा. सगळ्या पिठात एकदम घालू नका, दुसऱ्या घाण्यापर्यंत त्यातला वायू निघून जातो. खायचा सोडा जास्त झाला तर इडली पिवळी पडते आणि साबणासारखी लागते. याहून सोपं म्हणजे त्याच पिठाचे उत्तपे घाला.

प्रश्न: आमटी खाली लागली. वास कसा घालवावा? (सिडको)

उत्तर: ढवळू नका आणि बूड खरवडू नका. गॅस बंद करून वरची आमटी पळीपळीने दुसऱ्या पातेल्यात घ्या, तळाचा बोटभर थर सोडून द्या. एक चमचा चाखा. वास नसेल तर वरून तूप, जिरं, लसणाची फोडणी द्या. चवीत कडूपणा उतरला असेल तर ती सुधारत नाही. करपलेलं दूधही तसंच, त्याची बासुंदी करायला जाऊ नका.

प्रश्न: रात्रीचा भात उन्हाळ्यात ओट्यावरच राहिला. वास येत नाही. सकाळी फोडणीचा केला तर चालेल का? (सातपूर)

उत्तर: नाही, टाकून द्या. तांदळात बॅसिलस सीरियस या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि ते शिजवूनही मरत नाहीत. भात उबदार हवेत तासन्‌तास राहिला की त्यांची वाढ होते आणि काही प्रकार असं विष तयार करतात, जे फोडणीच्या आचेनेही नष्ट होत नाही. वास न येणं हा पुरावा नव्हे. रात्री उरलेला भात परातीत पसरून गार करा आणि दोन तासांच्या आत उथळ डब्यात फ्रिजमध्ये ठेवा. त्याचा सकाळी फोडणीचा भात करा, फक्त वाफा येईपर्यंत गरम करा.