कॅसिनोचा महसूल विचारताना माझं काय चुकलं

माहिती अधिकाराच्या अर्जाबद्दलची तुमची पोस्ट वाचली आणि जुनी जखम ठसठसली. "मांडवीतल्या कॅसिनो बोटींकडून गोवा सरकारला वर्षाला किती मिळतं एवढंच विचारलं, तर त्रयस्थ पक्षाची माहिती म्हणून अर्ज फेटाळला." त्रयस्थ पक्ष म्हणजे इथे कॅसिनो कंपन्या. अगदी माझीच गोष्ट! पणजीत एका मराठी दैनिकात बरीच वर्षं होतो, आता बाहेर आहे. मी वकील नाही, आणि नियम बदलतात, हे धरूनच पुढचं वाचा.

पहिलं अपील तुम्ही कराल, त्यावर लिहीत नाही. तुम्ही अर्जात "महसूल" हा शब्द वापरलाय, त्यावर लिहितो. मीही तोच वापरला होता आणि तिथेच आपटलो.

कॅसिनोचा पैसा सरकारकडे एका दारातून येत नाही. परवान्याचं वार्षिक शुल्क गृह खात्याकडे जातं, ते बोटीच्या प्रवासी क्षमतेवर ठरतं. कर जातो कर खात्याकडे. 1 जुलै 2017 च्या आधी तो राज्याचा करमणूक कर होता. त्यानंतर जीएसटी आला आणि निम्मा वाटा केंद्राकडे गेला. मी 2019 मध्ये अर्ज केला तेव्हा एका खात्यानं फक्त शुल्काचा आकडा दिला. माझ्याकडे 2016 चं जुनं कात्रण होतं, त्यात शुल्क आणि कर एकत्र होते. दोन्ही शेजारी ठेवले आणि मथळा दिला : कॅसिनोचा महसूल घसरला.

घसरला कुठला! मी अर्धा आकडा पूर्ण आकड्याशी ताडून पाहिला होता. पण कॅसिनोवाल्यांच्या माणसांनी तेच कात्रण नाचवत शुल्क कमी करा म्हणून मागणी लावून धरली, आणि विरोधकांनी आमचं दैनिक विकलं गेलं असं म्हटलं. चार दिवसांनी आतल्या पानावर तीन ओळींची दुरुस्ती आली. ती कोणी वाचली असेल तर मला सांगा.

ज्या कार्यालयानं आकडा दिला त्याच्या माहिती अधिकाऱ्याला मी फोनवर विचारलं होतं, यात कर धरलाय का? "जे विचारलं ते दिलंय," एवढंच उत्तर. त्यांचंही बरोबरच म्हणा. पण तोच अर्ज तिथून दुसऱ्या खात्याकडे आणि तिथून परत पहिल्याकडे असा दोन महिने फिरला, तो राग अजून गेलेला नाही.

तर "महसूल" लिहू नका. शुल्काची मागणी किती, वसुली किती, थकबाकी किती, आर्थिक वर्षानुसार, असं वेगवेगळं मागा. हा सरकारी तिजोरीचा हिशेब आहे, कुणाचं व्यापारी गुपित नव्हे. त्रयस्थ पक्षाची ढाल पुढे करणं मग अवघड जातं. अशक्य होतं असं म्हणत नाही. त्याहून सोपी वाट म्हणजे विधानसभेतल्या एलएक्यू, म्हणजे आमदारांनी सरकारला विचारलेले प्रश्न. उत्तर दोन ओळींचं असतं, खरा मसाला जोडलेल्या तक्त्यात. डेल्टा कॉर्प ही कॅसिनो कंपनी शेअर बाजारात नोंदलेली आहे, तिचे तिमाही निकाल बघा, पण ते एकाच कंपनीचे. आणि 1 ऑक्टोबर 2023 पासून विकत घेतलेल्या चिप्सच्या (पैशांऐवजी खेळायच्या चकत्यांच्या) पूर्ण किमतीवर 28 टक्के, 22 सप्टेंबर 2025 पासून 40 टक्के जीएसटी आहे. या तारखांच्या अलीकडचे-पलीकडचे आकडे एका आलेखात टाकू नका. टाकाल तर माझ्यासारखी तीन ओळी लिहायची वेळ येईल.

चीनमधल्या मकाव या कॅसिनोंच्या शहरात जुगाराचं नियामक खातं दर महिन्याच्या सुरुवातीला कॅसिनोंचं गेल्या महिन्याचं एकूण उत्पन्न जाहीर करतं. 2019 मधले सुमारे 292 अब्ज पटाका (तिथलं चलन) 2022 मध्ये 42 अब्जांवर आले, हे तिथल्या वार्ताहराला अर्जाविना कळलं. तिथली पत्रकारिता मोकळी आहे असं मी मुळीच म्हणणार नाही. आकडे मात्र वेळेवर मिळतात.

संपादक बातमी धरून ठेवतील का, हेही विचारलंत. माझं वैयक्तिक मत : पहिल्या पानाला कॅसिनोच्या जॅकेट जाहिरातीचं वेष्टन असतं त्या दिवशी बातमी देऊच नका, आतल्या पानात पुरली जाते. आमच्याकडे कोणी कधी "छापू नको" म्हटलं नाही. "उद्या बघू" म्हणायचे. गोव्यात आधी मोठ्या दैनिकांचे मालक खाणवाले होते, तेव्हाही "उद्या बघू"च ऐकलंय.

आणखी एक. अर्ज हातोहात दिलात तर पोचपावतीवर तारखेचा शिक्का मारून घ्या. माझ्या एका अर्जावर तो नव्हता आणि तीस दिवस कधी सुरू झाले यावरच अपिलाची अख्खी सुनावणी गेली.