वाचकांचे प्रश्न : कॅनव्हासची चौकट

प्रश्न : वखारीतून १ × २ इंची पाइनच्या पट्ट्या आणून ३६ × ४८ इंचांची चौकट घरीच केली. कोपरे ४५ अंशांत कापून फेव्हिकॉलने जोडले. पावसाळ्यानंतर एक कोपरा भिंतीपासून बोटभर सुटला. कॅनव्हासवर आतल्या कडेची रेघही उमटली आहे. काय चुकलं?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : तीन गोष्टी चुकल्या. लाकूड ओलं होतं, सांधा कच्चा होता आणि मधे आडवी पट्टी नव्हती.

वखारीतली पट्टी आणली की लगेच कापू नका. महिनाभर घरातच, खाली ठोकळे ठेवून, हवा खेळेल अशी आडवी ठेवा. मग एक डोळा मिटून टोकाकडून धार पाहा. पीळ असलेली किंवा कडेला गाठ असलेली पट्टी बाजूला काढा. पीळ रंध्याने जात नाही, गेल्यासारखा वाटतो आणि ओढ बसली की परत येतो.

४५ अंशांच्या कापात लाकडाची टोकं एकमेकांना भिडतात. टोक डिंक शोषून घेतं, म्हणून नुसत्या फेव्हिकॉलवर तो सांधा टिकत नाही. दोन्ही पट्ट्यांची अर्धी जाडी २ इंच लांबीपर्यंत काढा आणि एकीवर दुसरी बसवा. चिकटवायला मोठा सपाट भाग मिळतो. डिंक ओला असतानाच कर्ण मोजा. तुमच्या मापाला दोन्ही कर्ण बरोबर ६० इंच यायला हवेत. शिवाय समोरासमोरच्या कोपऱ्यांतून दोन दोरे ताणा. मधे ते एकमेकांना जेमतेम टेकले तर चौकट सपाट, फट राहिली किंवा दाबले गेले तर पीळ आहे. हे आताच दुरुस्त होतं, सुकल्यावर नाही.

४८ इंची बाजू कॅनव्हासच्या ओढीने आत वाकतात. त्यांच्यामध्ये ३२ इंचांची, १८ मिलिमीटर जाडीची पट्टी मागच्या अंगाला सपाट मिळवून बसवा, म्हणजे ती कापडाला टेकणार नाही.

रेघेवर उपाय सोपा आहे. चौकट जुळल्यावर पुढच्या बाहेरच्या कडेने ६ मिलिमीटरची पाव-गोल पट्टी चिकटवा, गोल बाजू आत. कापड फक्त तिच्यावरच टेकतं.

कापड ४२ × ५४ इंच घ्या. आधी चारही बाजूंच्या मध्यावर एकेक स्टेपल, मग समोरासमोर ओढत कोपऱ्यांकडे, दर २ इंचांवर. कोपरे शेवटी. एका बाजूने सरळ मारत गेलात तर सुरकुत्या तिरक्या धावतात.

सध्याचं चित्र स्टेपल काढून नव्या चौकटीवर चढवता येईल. रंग पूर्ण सुकलेला हवा आणि ओढ बेताची.

प्रश्न : चिकटवलेल्या चौकटीत पाचर ठोकून सैल कॅनव्हास ताणता येईल का?

उत्तर : नाही. पाचर फक्त न चिकटवलेल्या, सरकत्या सांध्यासाठी. चिकटलेल्या कोपऱ्यात ठोकली तर सांधाच फुटेल. स्टेपल काढून पुन्हा ताणा.