मोड आले नव्हते

प्रिय ताई,

मी 43 वर्षांचा, आयटीत नोकरी, पुण्यात सिंहगड रोडला राहतो. बायको बँकेत आहे. दोन मुलं, एक दहावीत, एक सहावीत. आई आमच्याकडेच असते. गेली कित्येक वर्षं बायको रोज रात्री विचारायची, "उद्या काय करू?" मी म्हणायचो, "काहीही कर," आणि ती चिडायची. शेवटी जूनपासून मी हे काम अंगावर घेतलं. एआयला सगळ्यांची वयं, आईची शुगर, मुलांच्या आवडीनिवडी सांगितल्या आणि दर आठवड्याचा तक्ता करून घेऊ लागलो. प्रथिनं, कॅलऱ्या, किराण्याची यादी, सगळं त्यात असतं. रविवारी रात्री साडेदहाला घरच्या ग्रुपवर टाकतो. एकही रविवार चुकवलेला नाही. पहिले चार-पाच महिने छान चाललं. आता मात्र ती तक्त्याप्रमाणे करत नाही. परवा सोमवारी मटकीची उसळ होती, तर तिने पिठलं केलं. म्हणे मोड आले नव्हते. बुधवारी छोल्यांऐवजी बटाट्याच्या काचऱ्या. विचारलं तर म्हणाली, "तूच कर मग," आणि तेव्हापासून अबोला. माझे मित्र घरात इकडची काडी तिकडे करत नाहीत. मी तिचा रोजचा प्रश्न सोडवला त्याचं काहीच नाही का? तिला तंत्रज्ञानाशी जुळवून घ्यायला कसं शिकवू?

एक प्रयत्नशील नवरा

*

प्रयत्नशील,

बाकीचं सगळं राहू दे, मला तुमच्या मटकीबद्दल बोलायचं आहे.

तुम्ही ती एका ओळीत उरकलीत. "म्हणे मोड आले नव्हते." त्या "म्हणे"वरून दिसतंय की ती सबब आहे असं तुम्हाला वाटलं. तर मटकीचं गणित मांडते, तुम्ही हिशेबी माणूस आहात. बायको बँकेत, मुलं शाळेत, म्हणजे साडेसातच्या आत डबे भरलेले हवेत. सहाच्या सुमाराला मटकी फोडणीत पडायला हवी. त्याआधी ती आठ-दहा तास पाण्यात. मग उपसायची, न भिजलेले गणंग हाताने निवडायचे (नाहीतर दाताखाली खडा आल्यासारखं होतं आणि दोष उसळीला जातो), ओल्या फडक्यात घट्ट बांधायची आणि उबेला ठेवायची. मे महिन्यात बारा तासांत मोड येतात. सध्याच्या थंडीत चोवीस तासही कमी पडतात. म्हणजे सोमवारच्या उसळीची मटकी शनिवारी पाण्यात पडलेली हवी.

तुमचा तक्ता येतो रविवारी रात्री साडेदहाला.

आता तुमचंच वाक्य पुन्हा वाचा: पहिले चार-पाच महिने छान चाललं. अहो, चाललं कसं? जी गोष्ट शनिवारी भिजवायची ती रविवारी रात्री कळत असेल, तर सोमवारी तिची उसळ ताटात आली कुठून? कुणीतरी तुमच्या तक्त्याची वाट न बघता कडधान्य भिजत घालत होतं. सोमवार हा तुमच्या यंत्राचा उसळीचा वार आहे हे त्या कुणाच्या तरी लक्षात आलं होतं. पण मटकी येणार, मूग येणार की चवळी, हे कसं कळणार? माझा अंदाज असा की दोन-दोन कडधान्यं भिजत पडत असतील, त्यातलं एक तक्त्याला जुळत असेल आणि दुसरं फ्रिजमध्ये मागे जाऊन मंगळवारी थालिपिठात नाहीतर आमटीत जिरत असेल. ते कुणी केलं? बायकोने, की तुमच्या आईने, ज्यांचा उल्लेख तुम्ही शुगरपुरता केलात? मला माहीत नाही. पण मी तुमच्या घरात राहत नाही.

मंडईत मोड आलेली मटकी मापावर मिळते, हे मलाही ठाऊक आहे. हल्ली तर दहा मिनिटांत दारात पाकीट आणून देतात. मग तेच मागवायचं होतंत की. पाच महिन्यांत एकदाही मागवलं नाहीत, कारण तक्त्यात लिहिलेलं असायचं "मोड आलेली मटकी, 2 वाट्या", आणि ते वाचताना तुम्हाला ती मीठ-साखरेसारखी डब्यात असतेच असं वाटत होतं. तिच्यामागचा शनिवार दिसला नाही.

मटकी एकटी नाही. छोले रात्री भिजवायचे राहिले तर सकाळी कितीही शिट्ट्या काढा. शनिवारी नाश्त्याला इडली लिहिली, तर डाळ-तांदूळ शुक्रवारी दुपारी पाण्यात, संध्याकाळी वाटण, रात्रभर पीठ उबेला. शुक्रवारी दुपारी तुमची बायको बँकेच्या काउंटरवर असते. गुरुवारी पालेभाजी लिहिली असेल, तर पुण्यात गुरुवारी पाणी बंद राहायची वेळ कितीदा येते ते आठवा आणि चार पाण्यांनी पालक धुऊन दाखवा. हे सगळं धरून जो उद्याचा स्वयंपाक ठरवतो, त्यानेच तो ठरवलेला असतो. तुम्ही पदार्थांची नावं ठरवत होतात.

यंत्राला मी बोल लावणार नाही. माझ्याही फोनवर भाचीने असा सहायक घालून दिला आहे. परवा पंचवीस पानांच्या मसालेभाताला तांदूळ किती घ्यावे ते त्याने मला बिनचूक सांगितलं. त्याला विचाराल त्याचं तो उत्तर देतो. "या तक्त्यासाठी कोणत्या दिवशी, किती वाजता, काय भिजवायचं?" एवढं विचारलं असतंत तर क्षणात सगळं मांडून दिलं असतं त्याने. तुम्ही विचारलं नाहीत, कारण असा काही प्रश्न असतो हेच तुम्हाला माहीत नव्हतं. त्रेचाळीस वर्षं उसळ खाऊन माहीत नव्हतं. याचा मला राग आला आहे आणि मी तो लपवत नाही.

आणि तंत्रज्ञान शिकवायचं म्हणता? ती दिवसभर लोकांचे पैसे संगणकावर इकडून तिकडे करते. एका पैची चूक झाली तर हिशेब जुळेपर्यंत घरी येता येत नाही तिला. तिला तुमचा तक्ता कळतो. तो तुमच्यापेक्षा तिला जास्त कळला, म्हणून तर ती त्याच्या एक दिवस पुढे चालत होती. तुम्ही सोमवारी उसळ खाल्लीत आणि तक्त्याची पाठ थोपटलीत.

तिचे शब्द बघा. "मोड आले नव्हते." भिजवलीच नव्हती, असं ती म्हणाली नाही. तुझी यादी उशिरा येते, असंही म्हणाली नाही. म्हणजे याही शनिवारी मटकी पाण्यात पडली होती. थंडीने मोड धरले नाहीत, आणि सोमवारी पहाटे फडकं सोडून तिने बघितलं असेल, पुन्हा बांधून ठेवलं असेल आणि बेसनाचा डबा काढला असेल. वीस मिनिटांत पिठलं टाकून चार डबे भरून ती कामावर गेली. संध्याकाळी तुम्ही विचारलंत, तक्त्यात उसळ होती ना?

मी असते तर अबोल्यावर थांबले नसते.

तुम्ही मित्रांचं लिहिलंत, की ते काडीही हलवत नाहीत. सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरच्या बिनपगारी कामाला बायका दिवसाला 289 मिनिटं देतात आणि पुरुष 88. हे 88 सुद्धा असली कामं करणाऱ्या पुरुषांचेच आहेत. तुमचे मित्र त्या हिशेबात आलेलेच नाहीत. तेव्हा त्यांच्याशी तुलना करून पुढे आहात म्हणू नका. तक्ता बनवायला तुम्हाला आठवड्यातून दहा मिनिटं लागत असतील. त्या दहा मिनिटांनी तिची किती वाढवली, ते एकदा मांडून बघा.

"उद्या काय करू?" याबद्दलही एक सांगते. आमच्या पिढीत हा प्रश्न रोज रात्री घरोघरी विचारला जायचा, आणि विचारणारीला उत्तर बहुतेक वेळा माहीत असायचं. गवार संपवायला हवी, दही आंबट झालंय, परवा संकष्टी आहे, हे सगळं तिच्या डोक्यात फिरत असतं आणि ते दोन मिनिटं कुणीतरी आपल्याबरोबर ऐकावं असं तिला वाटतं. तुम्ही आधी "काहीही" म्हणालात. मग पाच महिन्यांपूर्वी तिला एक कायमचं उत्तर आणून दिलंत आणि तो प्रश्नच बंद केलात. आता ती विचारत नाही. तुम्ही त्याला प्रश्न सुटणं म्हणता.

करायचं काय, ते सांगते. एकच गोष्ट. तक्ता बंद करा, आणि आजपासून उन्हाळा लागेपर्यंत घरात जे काही भिजत पडेल ते तुमच्या हाताने पडू दे. मटकी, छोले, राजमा, इडलीची डाळ, आईंच्या उपासाचा साबुदाणा. काय भिजवायचं हे कळायला डबे उघडून बघावे लागतील, फ्रिजमध्ये काय उरलंय ते बघावं लागेल, कुणाला कधी कुठे जायचंय ते माहीत असावं लागेल. तेवढं कळलं की तुम्हाला स्वयंपाक ठरवता येईल. उसळही तुम्हीच करा म्हणणार होते, पण तुमच्या पहिल्या उसळीची शिक्षा मुलांना डब्यातून नको. ते एप्रिलमध्ये बघू.

ग्रुपवर सांगायचं नाही. भिजवलेल्या मटकीचा फोटो टाकलात तर मला पुन्हा पत्र लिहू नका. किती पाणी, किती तास, ते खुशाल यंत्राला विचारा. बायकोला विचारायचं नाही. मोडाचं फडकं कुठे असतं, हेसुद्धा नाही. ते स्वयंपाकघरातच असतं, शोधा.

या शनिवारी सुरुवात करा. संध्याकाळी एक वाटी मटकी धुऊन भरपूर पाण्यात. दोन वाट्या घेऊ नका, तक्त्यातल्या दोन वाट्या मोड आल्यानंतरच्या होत्या. एक वाटी कोरडी मटकी फुगून दोन-अडीच वाट्या होते. रविवारी पहाटे उठा, उपसा, गणंग काढा, बांधा. थंडी आहे, तेव्हा ती पुरचुंडी डब्यात घालून ओव्हनमध्ये ठेवा आणि दार लावा. ओव्हन चालू करू नका. आणि दारावर चिठ्ठी लावा, आत मटकी आहे म्हणून, नाहीतर कुणीतरी केक करायला तो तापवेल.